कुलूप नको, कागद करा

घर भाड्याने द्यावे, भाडेकरूने चार महिने भाडे वेळेवर द्यावे, पाचव्या महिन्यात "पुढच्या पगाराला देतो" म्हणावे आणि पुढे तोंड चुकवीत फिरावे, हा प्रकार आता शहरातल्या चाळवाल्यांपुरता राहिलेला नाही. आमच्या शेतकरी व कारागीर घरांतही तो शिरला आहे. कोणी रस्त्याकडेच्या तुकड्यावर दोन गाळे काढले आहेत. कोणी मुलांच्या शिक्षणासाठी तालुक्याच्या गावी घर बांधून मागची खोली भाड्याने दिली आहे. कोणा लोहाराने आपले बंद पडलेले दुकान मोबाईलवाल्याला दिले आहे. ज्याचा आजा कूळ होता, तो आज लहानसा मालक झाला आहे. ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु मालक होताच आमच्यांतले काहीजण जुन्या मालकांची रीत उचलतात, ती मात्र आनंदाची गोष्ट नव्हे. त्याविषयी चार शब्द लिहितो, आणि त्यांत माझी स्वतःची चूकही सांगतो.

आमच्या गावच्या एका सुताराच्या विधवेची ही हकीकत आहे. नवऱ्यामागे तिने त्याची यंत्रे विकली, त्यांत थोडी भर घातली आणि तालुक्याच्या गावी कारखान्यांच्या बाजूला दोन खोल्या बांधल्या. एकीत मुलगा शिकण्यासाठी राहतो. दुसरी तिने एका कामगाराला दिली. त्याच्या घरी बायको व एक शाळकरी मुलगी. भाडे महिना ३,००० रुपये ठरले, अनामत ५,००० घेतली. देण्यापूर्वी ती माझ्याकडे आली व म्हणाली, "गुरुजी, कागद करायचा का हो?" मी म्हणालो, "मावशी, माणूस आपल्याच बाजूचा आहे. उगाच खर्चात कशाला पडता?" ज्याने गावाला चार अक्षरे शिकवावी, त्यानेच हा सल्ला दिला!

पुढे व्हायचे तेच झाले. कारखान्यात त्याचे कंत्राट संपले, भाडे थांबले. एक महिना गेला, दोन गेले, सात गेले. मावशीच्या पुतण्याला राग आला. भाडेकरू कुटुंबासह बाहेर गेलेला पाहून त्याने खोलीला आपले कुलूप ठोकले आणि विजेचा फ्यूज काढून नेला. संध्याकाळी मुलीचे दप्तर आत आणि मुलगी बाहेर, अशी अवस्था झाली. भाडेकरू सरळ पोलीस ठाण्यात गेला. दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या बाकावर कोण बसले होते? जिचे २१,००० रुपये बुडत होते, ती मावशी! कुलूप त्याच दिवशी काढावे लागले.

एवढ्यावर हे थांबले नाही. भाडेकरू म्हणाला, भाडे ३,००० नव्हे, २,००० ठरले होते. मावशीपाशी ना करार, ना पावतीपुस्तक. भाडे दर महिना रोख घेतलेले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, याचे ५५ वे कलम असे सांगते की, भाड्याचा करार लेखी करून नोंदविलाच पाहिजे, ती जबाबदारी मालकाची आहे, आणि तो नसेल तर अटींविषयी भाडेकरू म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाईल. करार न नोंदविणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षाही त्याच कलमात आहे. शेवटी तालुक्याच्या विधी सेवा समितीपुढे तडजोड झाली. सात महिन्यांचे, २,००० च्या हिशेबाने, १४,००० धरले. त्यांतून अनामत वजा जाऊन ९,००० राहिले, ते त्याने हप्त्याने द्यावे व ठरल्या तारखेस खोली सोडावी, असे ठरले. ३,००० च्या हिशेबाने १६,००० येणे होते. म्हणजे मावशीचे ७,००० रुपये गेले. करार नोंदविण्याचा खर्च याहून पुष्कळ कमी आला असता. हा ७,००० चा दंड खरे पाहता माझ्या सल्ल्याचा आहे, आणि तो भरला मात्र एका विधवेने.

वाचक म्हणतील, गुरुजी, पुतण्याने काय वाईट केले? आपल्या घराला आपले कुलूप लावले! येथेच आपली समजूत चुकते. भाड्याने दिलेल्या घराची मालकी आपली असते, पण ताबा भाडेकरूचा असतो, आणि तो ताबा कोर्टाच्या हुकमावाचून काढून घेता येत नाही. कायद्याची वाट सोडून ज्याला बाहेर काढले, त्याला सहा महिन्यांच्या आत दिवाणी दावा लावून ताबा परत मागता येतो. तेथे मालकी कोणाची हा प्रश्नच निघत नाही. पाणी तोडणे, वीज तोडणे हा तर भाडे कायद्याने गुन्हा ठरविला आहे. येणे आपले असता आरोपी आपणच होऊन बसावे, हा कोठला शहाणपणा?

दुसरेही एक कारण आहे, व ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. आपले वाडवडील कोण होते हे आठवा. अलिबाग तालुक्यातील चरी व आसपासच्या गावांतल्या कुळांनी १९३३ साली खोतांच्या जमिनी कसण्याचे बंद केले. नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली तो संप १९३९ पर्यंत चालला. लोकांनी उपास काढले, पण हटले नाहीत. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे बिल मांडले, आणि १९४९ च्या कायद्याने खोती गेली. त्या कुळांचे गाऱ्हाणे खंड भारी आहे एवढेच होते काय? नव्हे. किती दिले व किती राहिले, याचा लेखी पुरावा कुळाच्या हाती बहुधा नसे. मालक सांगेल तो आकडा, आणि मालक म्हणेल तेव्हा उठायचे. जोतीरावांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यांतही अक्षरशत्रू शेतकरी कागदाच्या जोरावर कसा नाडला जातो हेच दाखविले आहे. ज्या रीतीने आपले आजे-पणजे नाडले गेले, तीच रीत आज आपण एका कंत्राटी कामगारावर चालवावी काय?

मग भाडे न देणाऱ्याला फुकट राहू द्यावे काय? मुळीच नाही. विधवेचे ३,००० रुपये म्हणजे तिच्या घरचे धान्य आहे. ते बुडविणारा गरीब असला तरी त्याला ते बुडविण्याचा अधिकार नाही. पण प्रथम हे पाहावे की, समोरच्याला देता येत नाही की द्यायचे नाही. काम सुटले असेल, घरात आजारपण असेल, तर बसून बोलावे, हप्ता बांधून द्यावा आणि तो कागदावर दोघांच्या सहीने लिहावा. अशा माणसाला रस्त्यावर काढून थकबाकी वसूल होत नाही, उलट बुडते. पण जो खिशात पैसा असून तोंड चुकवितो, त्याच्याशी बोलण्यात महिने घालवू नयेत.

अशा वेळी काय करावे ते क्रमाने सांगतो. पहिल्याच चुकलेल्या महिन्याला लेखी मागणी करावी व तिची प्रत ठेवावी. पुढे पोचपावती मिळेल अशा टपालाने रीतसर नोटीस द्यावी. कोणत्या महिन्यांचे किती येणे आहे ते तीत स्पष्ट लिहावे. ज्या गावांना १९९९ चा भाडे कायदा लागू आहे, तेथे नोटिशीनंतर ९० दिवस गेल्यावाचून थकबाकीसाठी घर खाली करून मागण्याचा दावा चालत नाही. दाव्याचे समन्स लागल्यापासून आणखी ९० दिवसांत भाडेकरूने सर्व बाकी, तिच्यावर सालीना शेकडा १५ व्याज व खर्च भरला आणि पुढेही भाडे भरीत राहिला, तर त्याला काढता येत नाही. ज्या खेड्यांना तो कायदा लागू नाही, तेथे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे महिनेवारी भाडेकरूस निदान १५ दिवसांची नोटीस लागते. भाड्याच्या बाकीचा दावा तीन वर्षांच्या आत लावावा, नंतर तो मुदतबाह्य होतो. शेतजमीन खंडाने दिली असेल तर मात्र ही बाब निराळी. तेथे कुळकायदा आहे, त्यासाठी तहसील कचेरीत विचारावे.

कोणी म्हणेल, कोर्टात वर्षे जातात, आणि वकिलाची फी भाड्याहून मोठी. हे गाऱ्हाणे खोटे नाही. ज्याला हाजरी बुडवून तारखेला जावे लागते, त्यालाच त्याचे दुःख ठाऊक. म्हणूनच दोन वाटा सांगतो. एक, खोली देतानाच मुदतीचा लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवावा. मुदत संपूनही माणूस निघाला नाही तर दिवाणी दाव्याऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि राहिलेल्या दिवसांचे भाडे दुपटीने मागता येते. दुसरी वाट तालुका विधी सेवा समितीची. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना व थोड्या उत्पन्नाच्या लोकांना तेथे वकील फुकट मिळतो. लोकअदालतीत झालेला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो, व त्यावर अपील नाही. आमच्या मावशीला हे सांगणारा कोणी आधी भेटला असता तर ठाण्याचा बाक तिच्या नशिबी आला नसता.

आता दोन शब्द भाडेकरू बांधवांना, कारण आपल्या घरांतले अनेक मुलगे पुण्या-मुंबईस भाडेकरूच आहेत. भाडे द्या आणि पावती मागा. पावती देणे मालकावर कायद्याने बंधनकारक आहे, ती मागण्यात अपमान कसला? मालक पावती देत नसेल तर भाडे बँकेतून किंवा मनिऑर्डरने पाठवा. अडचण आली तर तोंड लपवू नका, चिठ्ठी लिहून मुदत मागा. आणि ठरले ३,००० असता २,००० सांगू नका. मावशीच्या भाडेकरूने त्या दिवशी ७,००० रुपये वाचविले खरे, पण गावात आता त्याला कोणी खोली देत नाही.

आपल्या लोकांत कागद मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे, अशी समजूत आहे. ती टाकली पाहिजे. सोयरिकीची यादी आपण दोन्हीकडच्या पंचांसमक्ष करतो, तेव्हा व्याह्यावर अविश्वास दाखवितो काय? काय ठरले ते दोघांनाही सारखे आठवावे, एवढ्यासाठीच ती करतो. घरभाड्याचा करार तेवढ्याचसाठी करावा.

माझी चूक मी अशी फेडीत आहे. चौथीच्या मुलांना हिशेब शिकविताना आता मी पावती लिहावयास लावतो: तारीख, कोणाकडून, किती, कोणत्या महिन्याचे, सही. मुले ती घरी नेऊन आईला दाखवितात. गेल्या महिन्यात एका कुंभाराच्या मुलीने आपल्या आजोबांच्या गाळ्याची पावती स्वतःच्या अक्षरात लिहिली व भाडेकरूच्या हाती दिली. माझ्या शिक्षक बंधु-भगिनींनी आपापल्या शाळेत एवढे तरी करावे, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

— एक खेड्यातील शिक्षक