मोगल गेले तेव्हा ओरडलो, डार्विन गेला तेव्हा?

2023 च्या एप्रिलमध्ये एनसीईआरटीच्या बारावीच्या इतिहासातून मोगल दरबाराचे प्रकरण गेल्याची बातमी आली आणि आम्ही सगळे खवळून उठलो. तो निषेध योग्यच होता. पण त्याच कात्रीने दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीही कापली होती. ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या प्रकरणाचे नाव नुसते ‘आनुवंशिकता’ उरले. कोविडकाळात मुलांचे ओझे कमी करायचे म्हणून सुरू झालेली ही कपात पुढे कायम झाली. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनी विरोधाच्या पत्रावर सह्या केल्या. आमच्या समाजातून मात्र हूं की चूं नाही. मोगल आपले, डार्विन परका!

2018 च्या जानेवारीत तेव्हाच्या औरंगाबादेत केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले होते की, माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी पाहिल्याचे कुठे लिहिलेले नाही, सबब शाळा-कॉलेजांत हे शिकवणे बदलले पाहिजे. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी त्याचा प्रतिवाद केला. आम्हीही हसलो. मग शुक्रवारच्या बयानात हेच वाक्य दाढी लावून येते तेव्हा आम्ही माना का डोलावतो? आजचे माकड माणूस बनते असे कोणताच शास्त्रज्ञ म्हणत नाही. चिंपांझी आणि माणूस यांचा पूर्वज एक होता आणि साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी त्यांच्या वाटा फुटल्या, एवढेच म्हणणे आहे.

आमच्या वसई-विरार पट्ट्यातही तुर्कस्तानच्या हारून याह्याचे दाखले देणारे भेटतात. त्याच्या गुळगुळीत, जाडजूड ग्रंथात जिवंत किडा म्हणून जे चित्र छापले, तो मासे पकडण्यासाठी बनवलेला नकली किडा निघाला. गळ चित्रात स्पष्ट दिसतो! आमच्या कोळीवाड्यातल्या पोरानेही तो ओळखला असता. दुसरी खोड याच्या उलट. नवव्या शतकात बसऱ्याच्या जाहिझने ‘किताब अल-हयवान’ लिहिले, म्हणजे डार्विनच्या आधी सारे आम्हीच सांगितले! जाहिझ थोरच होता, पण त्याचे नाव घेऊन आजच्या अभ्यासातून सुटका होत नाही.

उर्दू माध्यमात आणखी एक घोटाळा आहे. मराठीत ‘सिद्धान्त’ म्हटले की तावून-सुलाखून निघालेला निष्कर्ष डोळ्यांसमोर येतो. उर्दूत त्याला ‘नजरिया’ म्हणतात, आणि घराघरात नजरिया म्हणजे ज्याचे त्याचे मत. सर वर्गात ‘नजरिया-ए-इर्तिका’ म्हणतात, मूल ऐकते की हे डार्विनसाहेबांचे मत, आमचे वेगळे. ‘परीक्षेपुरते लिहा, मानू नका’ हा सल्लाही मुलांना मिळतो. मानण्या-न मानण्याचा प्रश्न ईमानाचा आहे. पुरावा काय आहे, हे समजून घ्यायला ईमान कुठे आड येते? इराणच्या शाळांतही उत्क्रांती शिकवतात.

बारावीच्या जीवशास्त्रात हे आहेच, असा खुलासा दिल्लीहून झाला. बारावीला जीवशास्त्र घेणारी आमची मुले किती? दहावीनंतर कुणी कॉमर्सला जातो, कुणी आयटीआयला, कुणी थेट वालीवच्या गाळ्यात कामाला. त्यांचे विज्ञान दहावीलाच संपते. उद्या घरात टीबी आला, खोकला थांबला म्हणून दोन महिन्यांत गोळ्या बंद केल्या, तर औषधाला न जुमानणारे जंतू मागे उरतात आणि तेच वाढतात. हीच ती नैसर्गिक निवड. एकेका खोलीत सात-आठ माणसे झोपणाऱ्या नालासोपाऱ्याच्या चाळींत ही गोष्ट ठाऊक नसणे परवडणारे नाही.

सुदैवाने आपल्या राज्य मंडळाने 2018 साली आणलेल्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा होता. आता पहिलीपासून टप्प्याटप्प्याने नवी पुस्तके येऊ लागली आहेत. दहावीची पाळी येईल तेव्हा तो धडा राहतो की दिल्लीच्या वाटेने जातो, याकडे आपल्या शिक्षकांनी आणि शाळा चालवणाऱ्या अंजुमनांनी आतापासून लक्ष ठेवावे. बालभारतीला पत्र लिहावे: धडा ठेवा, आणि उर्दू आवृत्तीत ‘नजरिया’ या शब्दाचा विज्ञानातला अर्थ चार ओळींत समजावून द्या. पत्राखाली मशिदीच्या इमामसाहेबांचीही सही मागायला आमची हरकत नाही.