पिवळ्या रेघेच्या अलीकडे

गेल्या वर्षीची दिवाळी मी एका लोहचुंबकाच्या शेजारी काढली. अगदी शेजारी नव्हे. मधे जमिनीवर एक पिवळी रेघ होती आणि ती ओलांडायची मला सक्त मनाई होती.

त्याचे असे झाले. आमच्या ताईची मुलगी इंग्लंडात एका विद्यापीठात डॉक्टरेट करते. विद्यापीठाचे नाव देत नाही, कारण "मामा, लिहायचं ते लिही, पण माझं नाव नको, विद्यापीठाचं नको, आमच्या प्रोफेसरबाईंचं तर मुळीच नको," अशी तिने मला अट घातली आहे. निवृत्तीनंतर एकदा तरी परदेश बघावा म्हणून मी निघालो, तेव्हा ताईने माझ्या बॅगेत चकलीची भाजणी, अनारशांचे पीठ आणि एक प्रश्न भरून दिला. "हिचं नक्की कधी संपणार, तेवढं काढून घे. फोनवर विचारलं की 'मशीन मिळालं नाही' म्हणते. तीन वर्षं झाली, मशीन मिळत नाही म्हणजे काय रे? रेशनच्या दुकानात उभी आहे का ती?"

मी शाळेत तीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले. तेव्हा मशीन कसले आणि ते का मिळत नाही, हे मला चटदिशी कळेल असा माझा समज होता. तो पहिल्याच दिवशी गळून पडला.

तळघरात एक मोठी खोली, काचेचे दार. दारावर पाटी : घड्याळ, किल्ल्या, बँकेचे कार्ड बाहेर ठेवावे, पेसमेकर असलेल्यांनी रेघेच्या आत येऊ नये. माझ्या छातीत दोन वर्षांपूर्वी पेसमेकर बसवला आहे. भाची म्हणाली, "मामा, तू इथंच खुर्चीवर बस. ती पिवळी रेघ म्हणजे पाच गौसची हद्द." अशा रीतीने विज्ञानाच्या गाभाऱ्यात मला उंबरठ्याशीच बसवण्यात आले.

आत तीन पायांवर उभा असलेला पोलादी बंब होता. आमच्या वाड्यातल्या न्हाणीघरात असे तसाच, फक्त माणसापेक्षा उंच, आणि आत पाणी तापत नाही तर उलट गोठवणारी थंडी. मध्यभागी तारेचे वेटोळे, ते द्रवरूप हेलियममध्ये बुडालेले, उणे २६९ अंशांवर. त्याभोवती द्रवरूप नायट्रोजन, उणे १९६ अंशांवर. इतक्या थंडीत तारेचा विरोध नाहीसा होतो. एकदा सोडलेली वीज वर्षानुवर्षे आपली फिरतच राहते. चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे दोन लाख पट जोराचा. तो कधी बंद करायचा नसतो. मात्र नायट्रोजन आठवड्याला आणि हेलियम काही महिन्यांनी भरावा लागतो. भिंतीवर पाळ्यांचा तक्ता लावला होता. तो बघून मला आमच्या वाड्यातल्या पहाटे चारच्या नळाची आठवण झाली. फरक एवढाच, की तिथे पाणी भरण्यावरून भांडणे होत, इथे कोणी भांडताना दिसले नाही.

गटात नऊ जण. एक पोर्तुगालचा पोरगा, नुकताच आलेला, फार हळू बोलणारा. एक चिनी मुलगी, तिच्या टेबलावर गॅसच्या चिमुकल्या बाटल्या. एक नायजेरियाचा गृहस्थ, दोन मुलांचा बाप, दर तासाला घड्याळ बघणारा. दोघेजण बॅटऱ्यांवर काम करीत. चालू बॅटरी न फोडता आत बघण्याची वाट केंब्रिजच्या क्लेअर ग्रे यांच्या गटाने रुळवली. २०१० साली त्यांनी लिथियमच्या तारा आतल्या आत कशा उगवतात ते अशाच चुंबकातून मोजले. त्याच तारा पुढे बॅटरीत आग लावू शकतात. आणि चुंबकांची देखभाल करणारा एक म्हातारा तंत्रज्ञ. त्याला डॉक्टरेट नाही. पण प्रोफेसरबाईसुद्धा त्याला विचारल्याशिवाय स्क्रू पिळत नाहीत.

आता हा बंब करतो काय? भाचीने मला संगणकाच्या पडद्यावर तीन सुळके दाखवले. "ओळख पाहू."

मला ओळखता येईना. ती हसून म्हणाली, "तू फळ्यावर रोज काढायचास तेच. इथेनॉल!"

वाचकहो, तीस वर्षे मी सीएच थ्री, सीएच टू, ओएच अशी अक्षरे खडूने काढली. मुलांनी ती वहीत उतरवली आणि परीक्षेत ओकली. पण ती अक्षरे खरोखरच तिथे आहेत, हे मी स्वतः कधी पाहिले नव्हते. अणूच्या गर्भात बारीकसे लोहचुंबक असते. मोठ्या चुंबकात ठेवून त्याला रेडिओलहरीने टिचकी मारली की ते आपल्या सुरात उत्तर देते. आणि शेजारी कोण आहे यावर तो सूर किंचित चढतो, उतरतो. म्हणून सहा हायड्रोजन तीन घरांत राहताना दिसतात : तीन इथे, दोन तिथे, एक पलीकडे. १९५१ साली अमेरिकेत स्टॅनफर्डला तिघांनी हे सुळके छापले. त्या तिघांतले मधले नाव होते एस. एस. धर्माधिकारींसारखे वाटणारे, पण नीट वाचले तर धर्मट्टी. भारतीय गृहस्थ. पुढे तेच आपल्या मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये आले आणि ही विद्या त्यांनी इथे रुजवली. मी तीस वर्षे शिकवले, पण हे नाव मला पाठ्यपुस्तकात कधी भेटले नाही.

घन पदार्थाची गोष्ट जरा अवघड. तिथे अणू जागचे हलत नाहीत, म्हणून सूर एकमेकांत मिसळून नुसता गलका होतो. १९५८ मध्ये वेल्समधल्या बँगर गावी रेमंड अँड्र्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पदार्थ तिरका धरून गरगर फिरवला आणि गलका निवळला. तो कोन ५४.७ अंशांचा, त्याला 'जादूचा कोन' म्हणतात. खोबऱ्याची चौकोनी वडी घ्या, अगदी घनाकृती. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत चिमटीने धरा. बोटांना जोडणारी रेघ आणि वडीची कड यांत जो कोन होतो, तोच हा. भाचीने पेन्सिलीहून बारीक नळीत काळी भुकटी ठासली, ती बंबात सोडली आणि हवेच्या झोताने सेकंदाला दहा हजार फेऱ्यांनी फिरवली. रेघेच्या अलीकडे मला फक्त तिची शीळ ऐकू येत होती.

ती काळी भुकटी म्हणजे कोळसा. घरच्या पाण्याच्या फिल्टरमध्ये असतो त्याच जातीचा, छिद्राछिद्रांचा. इथे त्याचे कापड असते. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेण्याचे काम त्याला लावायचे. १९५८ साली हवाई बेटावर मोजणी सुरू झाली तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता, आज ४२० च्या वर आहे. केंब्रिजमध्ये अलेक्झांडर फोर्स यांच्या गटाने २०२४ साली एक युक्ती प्रसिद्ध केली. (तिथल्या रसायनशास्त्र विभागाला २०२० पासून आपल्या मुंबईच्या 'सिप्ला'च्या युसुफ हमीद यांचे नाव आहे, हे जाता जाता.) कोळशाचे कापड पोटॅशच्या द्रावणात बॅटरीसारखे चार्ज करायचे, म्हणजे हायड्रॉक्साइड त्याच्या छिद्रांत जाऊन बसते. मग कापड धुऊन वाळवायचे. छिद्रातले हायड्रॉक्साइड हवेतला वायू पकडते आणि त्याचे बायकार्बोनेट होते, आपल्या खाण्याच्या सोड्याचा भाऊच. पुन्हा मोकळे करायला ९० ते १०० अंश पुरतात. चुनखडीच्या जुन्या पद्धतीला ९०० लागत. माझी भाची याच वाटेने दुसऱ्या जातीच्या कोळशावर काम करीत होती.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री तिला मशीन मिळाले. दिवसा मशीनवर मोठ्यांचा हक्क, रात्र शिकाऊंची. आम्ही खोलीवर एक पणती लावली, अनारसा खाल्ला आणि रात्री नऊला तळघरात गेलो. मी खुर्चीवर, ती रेघेच्या आत. चिनी मुलीने आपल्या महागड्या खास कार्बनच्या वायूतला थोडा तिला दिला होता. साध्या कार्बनमध्ये शंभरात एकच अणू या बंबाला उत्तर देतो. पहाटे तीनला पडद्यावर सुळका उभा राहिला. चांगला ठसठशीत. मी काचेतून अंगठा दाखवला. तिने काही दाखवले नाही. ती पडद्याजवळ वाकून फार वेळ बघत राहिली. घरी येताना म्हणाली, "थंडी आहे, मामा, मफलर घे." एवढेच.

पाडव्याला दुपारी गटाची बैठक होती. दर आठवड्याला एकाने खाऊ आणायचा असा तिथला रिवाज आहे. पाळी भाचीची, म्हणून मी सकाळी उठून चकल्या तळल्या होत्या. पाहुणा म्हणून मला मागे बसू दिले. प्रोफेसरबाईंनी आधी तिच्या आकड्यांचे कौतुक केले. कापडाने वायू भरपूर घेतला होता. त्याच आठवड्यात एका परिषदेला गोषवारा पाठवायचा होता. सगळ्यांची तोंडे चकलीने भरलेली. भाची उभी राहिली.

ती म्हणाली, "हा सुळका चुकीच्या जागी आहे."

कोळशाच्या छिद्रात बसलेल्या रेणूचा सुळका काही घरे उजवीकडे सरकतो. तिचा सरकला नव्हता. म्हणजे वायू पकडला होता खरा, पण छिद्रांत नव्हे. कापडावर बाहेर राहून गेलेल्या पोटॅशने. आकडे खरे, अर्थ खोटा. खोलीत चकल्यांचा आवाज थांबला.

"किती वेळा धुतलंस?" पोर्तुगालच्या पोराने हळूच विचारले.

"दोनदा. आठही तुकडे दोनदाच." तीन महिन्यांचे काम होते ते.

प्रोफेसरबाईंनी चष्मा काढून पुसला. गोषवारा या वर्षी जाणार नाही, एवढेच त्या म्हणाल्या. नायजेरियाचे गृहस्थ घड्याळ न बघता म्हणाले की माझेही गेल्या वर्षीचे तुकडे मी दोनदाच धुतले आहेत, तेही तपासायला हवेत. मला त्यांच्या घरची दोन पोरे आठवली. म्हातारा तंत्रज्ञ उठला, भिंतीवरच्या तक्त्यापाशी गेला आणि पुढच्या आठवड्यातल्या आपल्या दुरुस्तीच्या दोन रात्री खोडून त्यांवर भाचीचे नाव लिहिले. मग उरलेल्या चकल्या त्याने कागदात बांधून घेतल्या.

रात्री ती रडली. मी स्वयंपाकघरात भांडी जरा जास्त वेळ घासली. नंतर विचारले, "गप्प बसली असतीस तर?"

"कुणीतरी वर्षभरानं धुऊन बघितलंच असतं, मामा. आणि मला रोज ते कापड दिसलं असतं."

भाऊबीजेला ताईचा फोन आला. ओवाळणी बँकेत जमा झाल्याचे सांगून तिने मुद्द्याला हात घातला. "विचारलंस का? कधी संपतंय?"

भाची समोर बसली होती. मी म्हणालो, "ताई, मशीन मिळालं आहे. दोन रात्री."

"म्हणजे आता संपेल?"

"धुणं राहिलंय थोडं," मी म्हणालो. पलीकडे ताई बराच वेळ गप्प होती. तिला वाटले, पोर परदेशात धुणी धुते आहे. तो गैरसमज दूर करायला मला पुढे दोन पत्रे लिहावी लागली.

मी परतल्यावर महिन्याभराने माझ्या फोनवर एक चित्र आले. आलेखात सुळका पूर्वीच्या निम्म्याहून लहान, जेमतेम उठलेला. पण उजवीकडे सरकलेला. खाली भाचीने लिहिले होते : सात पाण्यांनी.