कॅथेटर ओढू नका

मानेत सुई गेली, तार सरकली, डायलेटर फिरला, जाड कॅथेटर बसला आणि नळीत लालभडक रक्त ठोक्यागणिक उसळू लागले. सेंट्रल लाइन शिरेऐवजी धमनीत शिरली, हे आयसीयूत अनेकदा असे कळते. अशा वेळी कॅथेटर उपसून मान दाबून धरावीशी वाटते. तेच टाळायला हवे.

नुसती बारीक सुई धमनीला लागली असेल, तर ती काढून दाबून धरणे बहुधा पुरते. डायलेटर किंवा जाड कॅथेटर गेला की गोष्ट बदलते. धमनीला पडलेले मोठे भोक तोच कॅथेटर बुजवून असतो. तो काढला तर मानेतल्या रक्ताच्या गाठीने श्वासनलिका दाबली जाऊ शकते, मानेतल्या कॅरॉटिड धमनीतून गुठळी मेंदूत जाऊन अर्धांगवायू होऊ शकतो. सबक्लेव्हियन धमनी तर गळपट्टीच्या हाडामागे. तिथे बोटांचा दाब पोहोचतच नाही, रक्त छातीत साठत राहते.

माँट्रियलच्या डॉक्टरांनी २००८ मध्ये आधी प्रसिद्ध झालेल्या अशा ३० रुग्णांचा हिशेब मांडला. १७ जणांचा कॅथेटर काढून दाब दिला होता; त्यांतल्या ८ जणांना गंभीर गुंतागुंत झाली, दोघे दगावले. उरलेल्या १३ जणांची धमनी शस्त्रक्रियेने, डोळ्यांसमोर दुरुस्त केली; त्यांच्यात गुंतागुंत शून्य. आकडे लहान आहेत, पण इतकी तफावत दुर्लक्षून चालणार नाही. अमेरिकेच्या भूलतज्ज्ञ संघटनेची मार्गदर्शक तत्त्वेही हेच सांगतात: कॅथेटर जागेवर ठेवा आणि लगेच शल्यचिकित्सक किंवा इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टला बोलवा. मग जागा पाहून टाके, आतून आवरणयुक्त स्टेंट किंवा भोक मिटवणारे उपकरण, यांतले योग्य ते निवडता येते.

मुळात चूक डायलेटरच्या आधी पकडता येते. सोनोग्राफी हवीच, पण सुईचे टोक शीर भेदून मागच्या धमनीत गेलेले पडद्यावर निसटू शकते. रक्ताच्या रंगावर विसंबणे तर धोक्याचेच, कारण शॉकमधल्या रुग्णाचे धमनीतले रक्तही काळपट आणि संथ येऊ शकते. त्यावर उपाय अगदी स्वस्त आहे. सुईला पारदर्शक नळी जोडून, ती रक्ताने भरू देऊन उभी धरायची. शिरेतले रक्त थोडे चढून थांबते, धमनीतले चढतच राहते. पिट्सबर्गमध्ये १५ वर्षांत ९,३४८ कॅथेटर या पद्धतीने बसवले. एकही धमनीत गेला नाही. शेवटच्या वर्षी ५११ पैकी २८ वेळा सुई धमनीत शिरली होती आणि त्यांतल्या ४ वेळा रंग वा उसळीवरून ते कळलेच नसते.

आपल्या तालुक्याच्या गावी रक्तवाहिन्यांचे सर्जन सहसा नसतात. म्हणून तर हा नियम तिथे अधिक गरजेचा: कॅथेटरमधून कोणतेही औषध न देता तो पक्का बांधायचा, मोठ्या रुग्णालयाला फोन करायचा आणि रुग्णाला तसाच, कॅथेटरसकट पाठवायचा. तो फोन नंबर आणि ती नळी प्रत्येक आयसीयूच्या सेंट्रल लाइन ट्रेमध्ये आधीपासून असायला हवी.