वात पेटेपर्यंत गप्प!

तेरखेड्याचा चांगला फटाका कोणता? मोठ्ठा वाजणारा? माझ्या मते, वात पेटेपर्यंत गप्प राहणारा! दारू वेळेआधी उडाली की काय होतं, हे तेरखेड्याला सांगायला नको.

पेशीतलं पार्किन हे युबिक्विटिन लायगेजही असंच. बिघडलेल्या मायटोकॉन्ड्रियावर खूण चिकटवून ते त्यांना मोडीत काढायला लावतं. २०१३ मध्ये त्याची रचना उलगडली. त्याचेच भाग घडी घालून कामाची जागा झाकून बसलेले! बिघाड झाला की पिंक-१ हे एन्झाइम फॉस्फेट जोडतं, मग घडी उघडते. पार्किनच निकामी असेल, तर तरुणपणीच पार्किन्सन्स गाठू शकतो.

आपण प्रोजेक्टमध्ये 'चालतं का?' एवढंच विचारतो. 'नको तेव्हा बंद राहतं का?' यालाही मार्क हवेतच!