‘मिटविले’ म्हणजे पुसले नव्हे : चलानाला मराठीतून उत्तर

आमच्या भागातील मराठी चालकाच्या तोंडी दंडाच्या संदर्भात एक क्रियापद हमखास असते. ‘चलान आले होते, मिटवून टाकले.’ गुलबर्ग्याच्या बाजारातून तूरडाळ भरून आळंदमार्गे उमरग्याकडे निघालेला टेम्पोचालक असो, की हुमनाबादहून सोलापूरच्या वाटेला लागलेला ट्रकचालक, पैसे भरले की प्रकरण संपले अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. ती त्याला भाषेनेच दिलेली आहे. मराठीत मिटविणे म्हणजे भांडण संपविणे, आणि मिटविणे म्हणजे पुसून टाकणेही. कायद्यात मात्र काहीच पुसले जात नाही.

मोटार वाहन कायदा 1988 चा. त्यात 2019 साली ज्या दुरुस्त्या झाल्या, त्यांतील कलम 200 ची दुरुस्ती चालकांपर्यंत फारशी पोहोचलेली नाही. तडजोड शुल्क भरून मिटविलेला गुन्हाही पुढच्या वेळी ‘पूर्वी केलेला गुन्हा’ म्हणून धरला जातो, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. कलम 206 खाली परवान्यावर होणारी कारवाईदेखील पैसे भरल्याने टळत नाही. अतिवेगाचेच उदाहरण घ्या. केंद्रीय कायद्याप्रमाणे हलक्या वाहनाला 1,000 ते 2,000 रुपये आणि मध्यम वा जड वाहनाला 2,000 ते 4,000 रुपये दंड आहे. पण तोच गुन्हा दुसऱ्यांदा घडला की परवाना जप्त करण्याची तरतूद लागू होते. खासगी मोटारवाल्याचा परवाना अडकला तर तो बसने जाईल. चालकाचा परवाना अडकला तर त्याच्या घरची चूल अडकते. तेव्हा न केलेला पहिला गुन्हा निमूटपणे ‘मिटविणे’ म्हणजे दुसऱ्या गुन्ह्याची पायरी आपल्याच हाताने बांधणे होय.

मग लोक भरतात का? आमच्या मते याचे मोठे कारण भाषा आहे. नोटीस येते ती कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत, तीही बहुधा वाहनमालकाच्या नावावर. मालक ती कोणाकडून तरी वाचून घेतो, पैसे भरतो आणि चालकाच्या पगारातून कापून घेतो. ज्याच्यावर आरोप आहे त्याने तो आरोप स्वतःच्या भाषेत एकदाही ऐकलेला नसतो. कर्नाटक सरकारने 2023 च्या फेब्रुवारीत थकीत वाहतूक दंडावर निम्मी सवलत दिली, तेव्हा लोकांनी ती आनंदाने घेतली. चूक झाली असेल तर सवलत जरूर घ्यावी. पण चूक झालीच नसेल तर अर्ध्या किमतीत मिळालेली कबुली ही कबुलीच असते.

भारतीय संविधानाचा अनुच्छेद 350 सांगतो की, कोणत्याही व्यक्तीला आपल्या तक्रारीच्या निवारणासाठी केंद्राच्या वा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देता येते. कर्नाटकात मराठी वापरली जाते हे सिद्ध करायला औराद, भालकी, बसवकल्याण वा आळंदचा आठवडी बाजार पुरेसा आहे. मात्र या अनुच्छेदाला मर्यादाही आहे, आणि ती लपविणे चळवळीच्या हिताचे नाही. उत्तर मराठीतूनच मिळेल असे त्यात म्हटलेले नाही. प्रकरण न्यायालयात गेले, तर तिथली भाषा राज्य सरकार ठरविते. तरीही आरोपीला न समजणाऱ्या भाषेत साक्ष झाली तर ती त्याला समजणाऱ्या भाषेत सांगितली पाहिजे, ही जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 279 मधील तरतूद 2024 पासून अमलात आलेल्या नव्या संहितेतही कायम आहे. दुभाषा मागणे म्हणजे मेहेरबानी मागणे नव्हे.

अर्ज लिहिण्याविषयी थोडे कठोर बोलावे लागेल. आमच्याकडे दाखवायला येणारे बहुतेक अर्ज ‘मी गरीब माणूस आहे, पोटावर मारू नये, या वेळी माफी असावी’ अशा वळणाचे असतात. हा आक्षेप नव्हे, ही कबुली आहे. माफी मागणाऱ्याने गुन्हा मान्य केलेला असतो. अर्जाचे पहिले वाक्य एवढेच असावे : ‘सदर चलानातील आरोप मला नाकबूल आहे.’ त्यानंतर चलान क्रमांक, वाहन क्रमांक, दिनांक, वेळ, स्थळ. आणि त्या वेळी वाहन कुठे होते ते. मालवाहू चालकाजवळ पुरावे असतात, फक्त तो ते जपत नाही. वजनकाट्याची पावती, माल उतरविल्याची सही, फास्टॅगच्या खात्यातील टोलनाक्याची नोंद यांना दहा विनवण्यांपेक्षा अधिक वजन आहे.

कॅमेऱ्याने पकडलेल्या गुन्ह्यासाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत 2021 मध्ये 167अ हा नियम आला. त्यानुसार नोटीस घटनेपासून पंधरा दिवसांत पाठवायची असते. चलानासोबत गुन्हा आणि क्रमांकाची पाटी स्पष्ट दिसणारे छायाचित्र, यंत्राने घेतलेले मोजमाप, दिनांक, वेळ, स्थळ, भंग झालेले कलम आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र असावे लागते. यातले जे नसेल ते नाव घेऊन मागावे. आक्षेपाची मुदत नोटिशीवर असते. ती आधी वाचून घ्यावी, बाकीचे नंतर.

मराठी अर्ज कन्नड कारकुनाला समजणार कसा, असे आम्हाला विचारले जाते. हैदराबाद संस्थानात कचेरीची भाषा उर्दू होती. त्या काळी गुलबर्ग्याचा कन्नड शेतकरी आणि बीदरचा मराठी शेतकरी दोघेही अर्ज लिहून घ्यायला दुसऱ्याच्याच दारी उभे राहत. त्या कचेरीने दोघांनाही तेच शब्द दिले. आपला अर्ज कन्नडमध्ये ‘अर्जी’ होतो, दाखला ‘दाखले’, हजर ‘हाजरू’, जामीन ‘जामीनू’. आपल्या तक्रारीचे कन्नड भावंड ‘तकरारू’ तर वाद, हरकत या अर्थाने वापरले जाते, म्हणजे इथे हवे आहे तेच. दंड, वाहन, चालक, आक्षेप हे शब्द दोन्हीकडे संस्कृतातून आलेले. सरळ मराठीत लिहिलेला अर्ज या भूमीवरच्या कारकुनाला अगदीच परका नसतो. शिवाय कन्नड अनुवाद सोबत जोडण्यात कमीपणा कसला? परवाना धोक्यात असताना तत्त्वासाठी अडून बसू नये. मूळ मराठी, सोबत कन्नड, आणि सही मराठी प्रतीवर.

सहीचा मुद्दा निराळा आणि अधिक महत्त्वाचा. रस्त्यात उभे करून कागद पुढे केला जातो आणि चालक अंगठ्याच्या सवयीने सही करतो. मजकूर वाचता येत नसेल तर तो वाचून दाखवायला सांगावे. दाखविला नाही आणि सही करावीच लागली, तर सहीशेजारी आपल्या हाताने लिहावे : ‘मजकूर वाचून दाखविला नाही.’ चार शब्द मराठीत. पुढे वकिलाला तेच उपयोगी पडतात.

सीमेच्या पलीकडे हीच गोष्ट उलटी घडते, हेही लिहिले पाहिजे. अक्कलकोट, जत भागातील कन्नड चालकाला मराठी नोटीस येते. अनुच्छेद 350 त्याचाही आहे. त्याने कन्नडमधून अर्ज दिला आणि तो घेतला गेला नाही, तर आमची बाजू त्याच्याकडे असेल.

अर्ज हातोहात दिला तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यावा. ‘मराठी अर्ज घेत नाही’ असे उत्तर मिळाले, तर तोच अर्ज वरिष्ठांच्या नावे स्पीड पोस्टाने पाठवावा, पावती अर्जाच्या प्रतीला टाचावी आणि दोन्ही कागद गाडीत न ठेवता घरी ठेवावेत.