घट्ट ऑइल की पातळ ऑइल?



गेले काही महिने आमच्या घरात एक वाद चालू आहे. तो राजकारणाचाही नाही आणि वाटणीचाही नाही. वाद आहे गाडीच्या इंजिनात कोणतं ऑइल घालावं याचा!

एका बाजूला माझा धाकटा भाऊ. त्याची उमेद भातसा प्रकल्पावर जीपा चालवण्यात गेली. त्याचं म्हणणं, आपल्याकडचा उन्हाळा बघता ऑइल घट्टच हवं, २०डब्ल्यू-५०. दुसऱ्या बाजूला त्याचा मुलगा, म्हणजे माझा भाचा. ठाण्याला नोकरी करतो. त्याने कर्ज काढून जुनी फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय घेतली आहे. तो म्हणतो, जगात आता ०डब्ल्यू-२० चाललंय, पातळ ऑइलने गाडी मोकळी धावते. दोघेही माझ्याकडे दाद मागतात. "आत्या, तूच सांग बाबांना." आणि भाऊ, "ताई, तू मराठीची बाई, तुला यातलं काय कळणार? पण त्याला सांग."

मराठीची बाई असले तरी वाचता येतं. वाचलं, चार जाणत्यांना विचारलं, आणि माझं मत बनलं. मत असं की दोघांनीही एकमेकांचं ऐकू नये. गाडीच्या पुस्तिकेचं ऐकावं. पण "पुस्तकात लिहिलंय म्हणून" एवढ्यावर मी वर्गातही कधी मुलांना सोडलं नाही, तेव्हा कारणं सांगते.

आधी त्या आकड्यांचा अर्थ. द्रवाच्या घट्टपणाला विज्ञानाच्या पुस्तकात श्यानता म्हणतात. एसएई ही अमेरिकेतल्या अभियंत्यांची संस्था. तिने १९११ मध्ये इंजिन ऑइलची श्यानतेनुसार प्रतवारी केली, तीच सुधारत सुधारत आजही चालू आहे. ५डब्ल्यू-४० यातला डब्ल्यू म्हणजे 'वेट' असं पुष्कळ जण सांगतात. तो 'विंटर'चा, म्हणजे हिवाळ्याचा डब्ल्यू आहे. त्याच्या आधीचा आकडा थंडीतली वागणूक सांगतो. तो जितका लहान, तितकं ऑइल थंडीत लवकर वाहतं. नंतरचा आकडा इंजिन तापल्यावरचा, १०० अंश सेल्सिअसला ऑइल किती घट्ट राहतं त्याचा. म्हणजे २० पातळ, ४० त्याहून घट्ट, ५० आणखी घट्ट.

आता भावाचा मुद्दा घेऊ. आपल्याकडे ऊन फार, म्हणून घट्ट ऑइल. ऐकायला अगदी पटतं. पण इंजिनाला बाहेरच्या उन्हाचं फारसं सोयरसुतक नसतं. थर्मोस्टॅट इंजिनातलं पाणी ९० अंशांच्या आसपास ठेवतो, मग बाहेर पौष असो की वैशाख. गाडी रमली की ऑइल १०० अंशांच्या पुढेमागे असतं. उलट आपल्या वैशाखातल्या ४० अंशांनाही ते ऑइल १०० अंशांच्या मानाने पाच-सहा पट घट्ट असतं. काकवी थंडीत कशी सांडता सांडत नाही आणि तापवली की कशी पळते, तसंच. म्हणजे इंजिनाच्या दृष्टीने आपला उन्हाळासुद्धा थंडच! सकाळी गाडी सुरू केल्यावर ऑइल वरपर्यंत पोचायला जो वेळ लागतो, त्या वेळात झीज होते. तिथे २०डब्ल्यूपेक्षा ५डब्ल्यू कधीही बरं.

मग भावाने इतकी वर्षं जे केलं ते काय? ते बरोबरच होतं. त्या काळची इंजिनं वेगळी होती. जीप घ्या, नाहीतर कुर्ल्याला तयार होणारी प्रीमियर पद्मिनी घ्या. भागांमधल्या फटी मोठ्या, वेग कमी, टर्बो नाही. घट्ट ऑइल त्या फटी भरून काढी. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. यंत्र बदललं की त्याच्याबद्दलच्या अनुभवातला आकडाही बदलतो. यात भावाचा अपमान कसला?

भाच्याची गाडी चाकणला तयार झालेली. २०१३ साली ती बाजारात आली तेव्हा १२०० सीसीच्या छोट्या इंजिनातून १०५ अश्वशक्ती काढते याचं केवढं कौतुक झालं होतं. ती ताकद टर्बोमुळे येते. टर्बोचं छोटं चाक मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतं आणि ते तरंगतं ऑइलच्या पातळ थरावर. तिथे ऑइल पोचलं नाही तर खेळ खलास. घट्ट ऑइलने डॅशबोर्डावर प्रेशर जास्त दिसेल, पण प्रेशर जास्त म्हणजे प्रवाह जास्त असं नव्हे. बारीक नळीतून घट्ट खीर ओढून पाहा, जोर जास्त लागतो आणि तोंडात कमी येतं.

मग भाच्याचं ०डब्ल्यू-२०? तेही नाही. ते ऑइल वाईट नाही. ज्या इंजिनांची रचना, फटी, ऑइल पंप त्यासाठी आखले आहेत त्यांना ते उत्तम. कंपन्या तिकडे वळल्या त्या मुख्यतः इंधन वाचावं म्हणून. पण पातळ ऑइलचा कमीपणा दिसतो तो गाडी तापून तापून राबते तेव्हा. त्यासाठी १५० अंशांना, भाग एकमेकांवर घासत असताना ऑइलचा थर किती टिकतो, याचीही चाचणी असते. त्यात २० प्रतीच्या ऑइलला किमान २.६ गुण लागतात, ५डब्ल्यू-४० ला किमान ३.५. (गुण हा माझा शब्द, एकक वेगळं आहे.) फोक्सवॅगनच्या अशा जुन्या पेट्रोल इंजिनांसाठी ५०२ ०० हे मानक आहे, आणि त्यात हे ३.५ अपेक्षित आहेत. नव्या ५०८ ०० मानकाचं ०डब्ल्यू-२० हे नव्या इंजिनांसाठी आहे, जुन्यांना ते चालेल असं कंपनी म्हणत नाही.

आणि आमची गाडी राबते कुठे? नाशिकला जाताना कसारा घाट, जुन्नरला जाताना माळशेज. त्यात ५ जून २०२५ पासून समृद्धी महामार्गाचा आमने ते इगतपुरी हा शेवटचा टप्पा आमच्या तालुक्यातून सुरू झाला आहे. तासन् तास एकाच जोरात गाडी पळवायचा मोह तिथे सगळ्यांना होतो. पुस्तिकेत दोन-तीन प्रती चालतील असं लिहिलं असेल, तर असं चालवणाऱ्याने त्यातली घट्ट प्रत घ्यावी. पण त्यातलीच. आमच्या बाबतीत उत्तर ५डब्ल्यू-४०, डब्यावर ५०२ ०० लिहिलेलं. आकडा बरोबर आणि मानक नाही, तर तो डबा परत ठेवावा.

इथे खरी अडचण येते. आमच्या गाडीची पुस्तिका इंग्रजीत आहे, आणि भावाचं इंग्रजी सातवीपर्यंतचं. इकडच्या एका गॅरेजमध्ये विचारलं तर पोरगा म्हणाला, "बाई, आम्ही सगळ्या गाड्यांना एकच टाकतो, पिंपातलं." त्याचंही काय चुकलं? ज्या कागदात उत्तर आहे तो त्याला वाचता येत नाही, आणि ज्याला वाचता येतो तो डिकीतून काढत नाही. मग ज्ञान उरतं ऐकीव. एक जण वडिलांचं ऐकीव सांगतो, दुसरा परदेशातलं. मधल्या मध्ये इंजिन मरतं आणि हप्ते पाच वर्षं चालू राहतात. त्याहून वाईट म्हणजे बापलेक जेवताना बोलेनासे होतात. आमच्याकडे तेही झालं.

म्हणून मी ऑइलचं ते पान मराठीत उतरवून काढलं. जेमतेम अर्धं पान झालं. भावाने दोनदा वाचलं. "एवढंच होय? मग हे आधी का नाही सांगितलं कुणी?" म्हणाला. मला वाटतं, आपल्या घरातल्या प्रत्येक यंत्राचं असं अर्धं पान मराठीत असावं. वाचता येणाऱ्याने ते लिहावं, हे त्याचं कामच आहे.

आणि भाच्याला एक सांगणं. बाबांचा आकडा जुना झाला, सवयी नाहीत. दर रविवारी सपाट जागी गाडी लावून डिपस्टिक पुसून बघणं, ऑइल बदलताना फिल्टरही बदलणं, सुरू केल्या केल्या गाडी न पिदडणं, आणि घाट चढून आल्यावर एखादं मिनिट इंजिन शांत चालू देऊन मग बंद करणं. हे त्यांनी जीपवर केलं, टर्बोला तर ते जास्तच लागू आहे. चांगल्या प्रतीचं ऑइल कमी पातळीवर राहिलं तर त्या प्रतीचा काय उपयोग?

तुमच्या गाडीची पुस्तिका शेवटची कधी उघडली होती? आज उघडा. ऑइलचं पान शोधा, आणि घरात कुणाला ते इंग्रजी जड जात असेल तर त्याला वाचून दाखवा.