‘इथे नको’ या नकाराचा अर्थ

‘अ‍ॅनाटॉमी ऑफ अ स्कँडल’ (२०२२) या मालिकेत एका ब्रिटिश मंत्र्यावर बलात्काराचा खटला चालतो. फिर्यादी तरुणी त्याच्याच कार्यालयातील. संसदभवनाच्या लिफ्टमध्ये संबंध आला, हे दोघांनाही मान्य, वाद संमतीचा. ती ‘इथे नको’ म्हणाली होती. बचावपक्षाच्या मते हा नकार स्थळाला होता, कृतीला नव्हे. ज्युरी मंत्र्याला निर्दोष ठरवते.

विद्यार्थी मित्रांनो, हे अर्थनिर्णयन वाक्यरचनेला धरून असेल. भाषाव्यवहाराला धरून नाही. वरिष्ठासमोर नकार सौम्य होतोच. आपण ‘बघू’, ‘नंतर’ म्हणतो, तेव्हा ऐकणाऱ्याला नकार अचूक कळतो. मग तो इथेच का कळू नये? माझ्या मते, नकार ‘कळलाच नाही’ असे म्हणण्याची मुभा बहुधा सत्ताच देते.